निमगावचा गुरुवार

एखाद्या वहीतली माणसं सगळी खरी असतील आणि वार सगळे खोटे, तर ती वही तुम्ही खरी म्हणाल की खोटी? वाचणाऱ्यांनो, घाईनं उत्तर देऊ नका. मी घाईनं दिलं होतं, तेही छापून, आणि ते निस्तरण्यात माझी विशी गेली.

तात्या, हा प्रश्न तुम्हाला नाही. तुमचं उत्तर मला पाठ आहे. चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही म्हणाला असता, "वार कॅलेंडरवर असतो गं. माणूस दारात असतो." मग मी म्हणाले असते की दारात यायला दार उघडं लागतं. हे आपलं वर्षानुवर्षं चाललं. परवा मंगळवारी दुपारी तुम्ही गेलात आणि या भांडणातली तुमची बाजूही आता मलाच सांभाळावी लागणार आहे.

बातमी कळली तेव्हा मला आधी रडू आलं नाही, आधी हायसं वाटलं. हे लिहायला मला लाज वाटत नाही. तुमचं दुखणं लांबलं नाही, हे एक. पण खरं कारण ते नव्हे. बोगस वाचनालयाचा ग्रंथपाल म्हणून तुम्ही गेला नाहीत, म्हणून हायसं वाटलं. माझ्या एका पत्रकानं तुम्ही तसे जाऊ शकला असता.

ज्यांनी आपलं वाचनालय पाहिलेलं नाही, त्यांना सांगायला हवं. बेल्ह्याच्या बाजारतळाच्या कडेला, जनावरांच्या पाण्याच्या हौदाजवळ एक खोली आहे. तिच्यात चार लोखंडी कपाटं, दोन बाकं आणि एक टेबल. सोमवारी बैलबाजार भरतो तेव्हा खिडकीतून आत शेणाचा आणि पेंडीचा वास येतो. या खोलीला सरकारची मान्यता आहे, सगळ्यात खालच्या वर्गाची. मान्यता टिकवायची तर वाचनालय रोज ठरलेले तास उघडं पाहिजे आणि वाचकांच्या सह्या त्या त्या दिवसाच्या पानावर पाहिजेत. तात्या इथले ग्रंथपाल, म्हणजे तेच शिपाई, तेच झाडूवाले. त्यात घरची शेती. त्यांनी या नियमावर स्वतःचा तोडगा काढला होता.

सोमवारी आसपासच्या गावांतले लोक बाजाराला यायचे, तेव्हा तुमच्या दारात रांग लागायची. दिवस उगवल्यापासून बाजार उठेपर्यंत तुम्ही टेबल सोडायचा नाहीत. सौदा जमेपर्यंत माणसं बाकावर बसून वाचायची. जनावरांच्या रोगांवरच्या पुस्तकाला इतकी मागणी की त्याला तुम्ही पोत्याचं कव्हर शिवलं होतं. उरलेले सहा दिवस कुलूप. पण वहीत सातही दिवस वाचक, कारण तुम्ही गावांना वार वाटून दिले होते. बेल्ह्याचा सोमवार, खोडदचा शुक्रवार, आमच्या निमगाव सावाचा गुरुवार. वहीच्या पानांत सुतळीचे तुकडे घातलेले असायचे. माणूस कुठल्या गावचा ते विचारून तुम्ही ते पान उघडायचा, वही दुमडायचा आणि बोट ठेवायचा, "हितं कर सही." वरची तारीख कोण बघतंय? बाहेर बैल सोडून आलेला माणूस तो.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी तेव्हा नारायणगावला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. माझे वडील, आमचे अण्णा, मंचरच्या एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. आठवड्यातून एकदा घरी यायचे, तेव्हा पिशवीत बिघडलेली पत्रकं असायची. धरणात गाव गेलेल्यांची, कांद्याला भाव मागणाऱ्यांची, दारूचा गुत्ता बंद करा म्हणणाऱ्या बायांची. घरात दुसरं वाचायला नव्हतं. पुढची बाजू मी वाचायची, मागची कोरी बाजू लिहायला वापरायची. दहा वर्षांची होईस्तोवर 'जाहीर निषेध' हे शब्द मी न अडखळता लिहीत होते. पत्रकात जे छापलं ते खरं, आणि जे खरं ते पत्रकात छापलंच पाहिजे, असा माझा धर्म होता.

एका सोमवारी तुमच्याकडून एक पुस्तक घेऊन गेले. तीन दिवसांत संपलं. गुरुवारी कॉलेज बुडवून दुसरं न्यायला आले, दोन गाड्या बदलून. दाराला कुलूप. पाटीवर लिहिलेलं, रोज सकाळी आठ ते अकरा. मी नऊ वाजता हौदाच्या काठावर बसले ती अकरापर्यंत बसले. समोरचा पानटपरीवाला म्हणाला, "पोरी, सोमवारी ये की. आज हितं कुत्रं बी येत नाय."

पुढच्या सोमवारी आले आणि वही मागितली. तुम्ही गर्दीत होता, सहज सरकवलीत. मी गुरुवारचं पान काढलं. निमगावची अकरा नावं. सहावं माझं, शेजारी सही.

म्हणजे मी कुलपाबाहेर उन्हात बसले होते तेव्हा वहीत मी आत वाचत बसले होते. आणि सही अगदी माझ्या वळणाची. त्याचाच जास्त संताप आला. मला वाटलं, या माणसानं खोटी सही करायला किती सराव केला असेल.

त्याच आठवड्यात मी मजकूर लिहिला. मथळा, 'वाचक कागदावर, कुलूप दारावर'. शेवटी ठळक अक्षरांत, 'माझी स्वतःची सही येथे बनावट आहे.' अण्णांनी खिळे जुळवता जुळवता हात थांबवला.

"सही तुझी न्हाई, नक्की?"

"नक्की."

"बघ हां. खिळा परत खणात टाकता येतो. कागद लोकांच्या हातात गेला की गेला."

मी म्हटलं, तुम्ही धरणाच्या पत्रकाला असं विचारलं होतं का? त्यांनी पुढचा खिळा उचलला. पहिली प्रत मी स्वतः पुण्याच्या ग्रंथालय कार्यालयाला पोस्टानं पाठवली. बाकीच्या घेऊन सोमवारी बाजारात उभी राहिले.

खोडदचे बबनराव तुम्हाला माझ्याआधीपासून ओळखणारे. बैलांचे व्यापारी, रहस्यकथांचे भक्त. त्यांनी पत्रक घेतलं, हातातला कासरा खांद्यावर टाकला आणि ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं. मग माझ्याकडे बघून हसायला लागले.

"बाय, ही सही तर तू केली. मी तुझ्या मागंच उभा व्हतो."

"गुरुवारी? गुरुवारी कुलूप होतं."

"गुरुवारी कशाला? सोमवारीच की. तू निमगावची, म्हणून तात्यानं गुरुवारचं पान काढलं. मी खोडदचा, मी शुक्रवारवाला. लई वर्षांपासून शुक्रवारवाला हाय मी." मग आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या शेताच्या बांधाला त्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना हायत राव, त्यांना आभाळातलं ऐकू येतं. हिला पुढं ठेवलेल्या कागदावरची तारीख दिसंना."

लोक हसले. माझ्या हातात उरलेली पत्रकं होती आणि त्यांच्यावर माझ्याच बापानं जुळवलेलं खोटं होतं.

मी तुमच्याकडे आले. पत्रक टेबलावरच होतं, कुणीतरी आधीच आणून दिलेलं. तुम्ही ओरडाल म्हणून मी तयार होते. तुम्ही म्हणालात, "बस. वाचलं मी. मथळा चांगला हाय. खालचं जरा लांबलंय."

"तुम्ही वार खोटे लिहिलेत, तात्या."

"लिहिले. माणसं खोटी लिहिली का? यातलं एक नाव दाखव ज्यानं पुस्तक नेलं नाय."

"मग सहा दिवस कुलूप का?"

"आठवडाभराचं काम मी एका दिवसात उरकतो. रिकाम्या खोलीत बसून माशा मारू? मला रान हाय."

"मी आले होते गुरुवारी."

तुम्ही पत्रकाची घडी घातलीत. त्या क्षणी मला समजलं की माझा राग चुकीच्या ओळीत होता, पण चुकीचा नव्हता. सोमवारी पुरुष बाजारात असतात, म्हणून त्या दिवशी घरातली सगळी कामं बायांवर. बाजाराच्या गर्दीनं गाड्या भरलेल्या, कॉलेजच्या पोरींना जागा नाही. त्यांना मधलाच वार जमणार. आणि तुमची वही पुण्याला सांगत होती की गुरुवारी दार उघडंच असतं. मग दार उघडा, असं म्हणायला कुणाला जागाच उरली नव्हती. हे मी तेव्हा धड बोलू शकले नाही. इतकंच म्हणाले की एक प्रत पुण्याला गेली आहे.

तुम्ही चष्मा काढून धोतराला पुसला. "म्हंजे तपासणी येणार. मान्यता गेली तर ही खोली ग्रामपंचायत खतासाठी घेईल. कधीपासून मागत्यात." रागानं नव्हे, पाऊसपाण्याचं बोलावं तसं बोललात. मला त्या रात्रीपासून त्या खोलीत खताची पोती दिसायला लागली.

मी दुसरं पत्रक काढलं. 'सही माझीच होती. ती मी सोमवारी केली आणि तारीख वाचली नाही. सही बनावट म्हटल्याबद्दल ग्रंथपालांची जाहीर माफी मागते. मात्र तारखा खोट्या आहेत आणि दार सहा दिवस बंद असतं, हे मी मागे घेत नाही.' अण्णांनी या वेळी काही विचारलं नाही. फक्त 'माफी' हा शब्द मोठ्या खिळ्यात लावला.

ते वाचून तुम्ही खरे चिडलात. "अर्धी माफी कसली मागती? मागायची तर सगळी माग, नायतर मागू नको." माझं म्हणणं, जेवढी चूक तेवढी माफी. तुम्ही म्हणालात, ही काय भाजी हाय का, तोलून द्यायला? पुढचे दोन सोमवार तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी सही करायला वाकले की वही दुमडायचा नाहीत. पूर्ण उघडी ठेवायचा आणि तारखेवर बोट.

पुण्याहून तपासणीला एक बाई आल्या. आल्या त्या सोमवारीच, बाजार बघायचा होता म्हणाल्या. सकाळपासून बाकाच्या टोकाला बसून राहिल्या. माणसं येत होती, पुस्तकं बदलत होती, दोघांची एका कादंबरीवरून जुंपली. दुपारी बबनरावांनी त्यांना विचारलं, "मॅडम, तुमी कोणत्या गावच्या? म्हंजे तुमचा वार काढायला." मी डोळे मिटून घेतले. बाई मात्र हसल्या.

मग त्यांनी वही मागितली. तुम्ही वहीबरोबर माझी दोन्ही पत्रकं त्यांच्यापुढे ठेवलीत. ती तुम्ही खळ लावून एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवली होती, आणि आदल्या सोमवारपासून तो पुठ्ठा भिंतीवर टांगलेला होता. मी तो पाहिलाच नव्हता, कारण रागानं मान वर करत नव्हते. तुम्ही त्यांना म्हणालात, "पयलं बी वाचा, दुसरं बी वाचा. पोरगी निम्मी बरोबर हाय."

तात्या, निम्मी बरोबर. तुमच्या तोंडून मला मिळालेली सगळ्यात मोठी पावती तीच. दुसरं निम्मं तुम्ही शेवटपर्यंत दिलं नाहीत, आणि मी मागितलंही नाही.

बाईंनी मान्यता काढली नाही. लेखी ताकीद दिली. आजपासून रोज दार उघडायचं, सही त्याच दिवसाच्या पानावर, आणि कुणी आलं नाही तर त्या पानावर स्पष्ट लिहायचं, 'वाचक नाही'.

दार तुम्ही दुसऱ्या दिवसापासून उघडलंत. रान भावाकडे वाट्यानं दिलंत. पण 'वाचक नाही' हे दोन शब्द लिहायला तुमचा हात उचलेना. "माझ्या हातानं मी असं लिहिणार नाय. दुकानावर कुणी लिहितं का, गिऱ्हाईक नाय म्हणून?" मी म्हटलं, मग गिऱ्हाईक आणा. तुम्ही म्हणालात, तू आण. म्हणून मी आणलं.

निमगावचा गुरुवार खरा करायला सव्वा वर्ष लागलं. आधी मी एकटीच यायचे. मग मैत्रीण, मग तिची वहिनी, ती टोमॅटोच्या टेम्पोत पुढं बसून यायची आणि परतीच्या टेम्पोपर्यंत वाचायची. खोडदच्या शुक्रवारी बबनरावांनी अँटेनावर कामाला असलेले दोघे ओढून आणले. त्यातल्या एकानं येताच विचारलं, इथं मराठीत आकाशावर काही आहे का? नव्हतं. तुम्ही पुढच्या खरेदीत मागवलंत. एकेक वार असा जागेवर बसत गेला. गावात एसटीडीचे बूथ आले आणि ओसही पडले, खिशात मोबाईल आले, केबलवर मालिका आल्या. बुधवार तेवढा भरेना.

त्यावरही तुम्ही तोडगा काढलातच. बुधवारी टेबल सोडून बाकावर जाऊन बसायचा, पुस्तक उघडायचा आणि वहीत स्वतः सही करायचा. मी हरकत घेतली की ग्रंथपाल हा वाचक नव्हे.

"का? मला वाचता येत नाय?"

"तुम्ही 'वाचक नाही' लिहायचं टाळताय."

"टाळतोय. पण वाचतोय का नाय? तारीख खरी हाय का नाय? माणूस खरा हाय का नाय? मग तुझं म्हणणं काय?"

मी वही मिटून टेबलावर ठेवली. एवढं खरं की कपाटातली अर्धी पुस्तकं तुम्ही बुधवारी वाचलीत, आणि त्यानंतर लोकांना पुस्तक सुचवताना तुमचा आवाज बदलला.

गेल्या महिन्यात पुन्हा तपासणी झाली, न सांगता, आणि नेमकी बुधवारी. तुम्ही दवाखान्यात होता, तुमच्या जागी मी टेबलावर होते. आदल्या बुधवारपर्यंतच्या तुमच्या सह्या वहीत होत्या. तपासणाऱ्यांनी विचारलं, हे वाचक कोण? मी सांगितलं, ग्रंथपाल. ते म्हणाले, "चालेल. ग्रंथपाल वाचतो हे आम्ही क्वचितच बघतो." पंधरा दिवसांनी पत्र आलं, मान्यता कायम. मी ते घेऊन दवाखान्यात आले आणि कॉटशेजारी बसून वाचून दाखवलं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. मग म्हणालात, "हितला चहा लई पातळ असतो." मी थर्मास घेऊन खाली गेले आणि टपरीवरून घट्ट चहा आणला. माझी उरलेली माफी मी तेव्हा मागू शकले असते. नाही मागितली. तुम्ही चहा प्यालात, आणि आपलं तेवढ्यात भागलं.

म्हणून हायसं वाटतं, तात्या. ते पत्र तुमच्या कानावर पडलं होतं. जाताना तुमच्या मागे एकही लपवलेली खोटी तारीख नव्हती, मला तुमच्या वतीनं काही झाकायचं नव्हतं. मेलेल्या माणसाबद्दल खरं लिहिता यावं, याहून मोठं देणं माझ्यासारखीला कोण देणार?

काल बुधवार होता. वाचनालयाच्या कार्यकारिणीचे लोक म्हणाले, आज दुखवटा, बंद ठेवा. मी म्हटलं, बंद ठेवलं तर तात्या आपल्याला सोडतील, पण मी नाही सोडणार. दार उघडून आठ वाजता बसले. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हाच्या बुधवारी तुमची विचारपूस करायला आलेला कुणीतरी काहीतरी वाचून सही करायचा, पण काल सगळं गाव तुमच्या घरी होतं. दहाच्या सुमारास बबनराव पायरीशी आले आणि चप्पल न काढता उभे राहिले.

"सही करून जाऊ का? त्याचा वार हाय."

"वाचणार असाल तर या."

त्यांनी बराच वेळ बाकाकडे बघितलं. "आज नाय वाचवत गं," म्हणाले, आणि गेले. त्यांनी उगाच सही केली नाही. तुमचा सगळ्यात जुना शुक्रवारवाला, तात्या, आणि त्यानं सही केली नाही.

अकरा वाजले. मी पेन घेतलं. तुमचं नाव लिहावंसं फार वाटलं. एकदाच, कुणाला कळलंही नसतं. मग पानावर तारखेखाली लिहिलं, 'वाचक नाही'. तुमचा हात ज्याला कधी उठला नाही ते माझ्या हातानं झालं. कुलूप लावून हौदाशी बसले आणि तेव्हा रडले.

आता वाचणाऱ्यांना एक सांगणं. आमचा बुधवार रिकामा आहे, पण बेल्हे तुम्हाला लांब पडेल. तुमच्या गावातही वाचनालय असेल आणि त्याचाही कुठलातरी वार रिकामा असेल. या आठवड्यात जा. पाटीवरची वेळ बघा आणि त्याच वेळी जा. कुलूप असेल तर परत फिरू नका, ग्रंथपालाचं घर विचारा आणि किल्ली मागा. दार उघडं असेल तर आत बसा, निदान चार पानं वाचा, आणि उठताना वही मागून सही करा. वही दुमडून पुढे केली तर आधी ती सरळ करा.